हात लावायच्या आधी

आमचे ते सर भित्रे होते. हे मी त्यांच्या माघारी म्हणत नाही. फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच तासाला त्यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं. "बारा वर्षं झाली मी पेशंटला हात लावून राहिलो. दर वेळी भितो. तुम्हाला आजून भ्या वाटत न्हाई, ह्याचंच मला लई भ्या वाटतं." आम्ही हसलो. ते हसले नाहीत. हसणाऱ्यांकडे एकेक करून बघत राहिले.

ते देगलूरकडचे. अंगानं बुटके, पण मनगटं पैलवानाची. शर्टाच्या खिशात शिंप्याची टेप गुंडाळून ठेवलेली. व्यायाम करून घेताना तेलुगूत मोजायचे, "ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू," आणि लातूरच्या म्हाताऱ्या बायांना हसू यायचं. हसता हसता बाईचा हात पूर्वी जात नव्हता तिथवर जायचा. सर मात्र तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवायचे नाहीत. कपाळावर एक आठी आली की जिथं होते तिथं थांबत.

हजेरी घेताना त्यांनी कधी आडनाव वाचलं नाही. गावं वाचायचे. "किनवट? जळकोट? निलंगा एक, निलंगा दोन? हदगाव?" हदगाव म्हणजे मी. आमचं घर विहाराच्या मागं, वडील तहसील कचेरीत शिपाई. आडनाव सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि मग पुढचं बोलतो, हे मला लहानपणापासून सवयीचं. सरांच्या वर्गात ते थांबणं नव्हतं. ते मुद्दाम तसं करत होते का, हे मी कधी विचारलं नाही.

त्यांचा आवडता शब्द होता 'कशावरून'. वॉर्डात कुणी म्हणालं, या पेशंटला शेक द्यायला हवा, की सर म्हणणार, "कशावरून?" पुस्तकात आहे म्हटलं की, "पुस्तकात कशावरून?" मोठे सर असंच करतात म्हटलं, तर जास्तच चिडायचे. कँटीनवाल्याला म्हणायचे, "पोहे ताजे हायेत कशावरून?" तो बिचारा कढईच उचलून दाखवायचा. पोरांना गंमत वाटायची. मला नाही वाटायची. परीक्षेत ते समोर बसले की माझ्या तळहाताला घाम यायचा, कारण पाठ केलेलं उत्तर त्यांना चालत नसे आणि पाठ करण्यापलीकडे मला काही येत नव्हतं.

माझी इंटर्नशिप आली ती पाणी रेल्वेनं आलं त्या वर्षी. लातूरचे नळ कोरडे पडून किती दिवस झाले ते लोकांनी मोजायचं सोडलं होतं. टाक्यांपाशी पोलीस उभे, चार माणसं एका ठिकाणी जमायची बंदी. होस्टेलला दोन बादल्या मिळायच्या, पुढं एक. कॉलेज बंद करून सगळ्यांना घरी पाठवणार अशी रोज नवी अफवा. ओपीडीत येणारी दुखणीही पाण्याचीच होती. हंडे वाहून मान आखडलेल्या बाया, पोहरा शेंदून खांदा धरलेल्या बाया, टँकरमागं पळताना पडून मनगट मोडलेल्या पोरी. सर अर्ध्या ग्लासात हात धुवायचे आणि म्हणायचे, "ही माणसं आपल्याकडं पाण्यामुळं आली. आपल्यामुळं परत यायला नगं."

त्या दिवसांत त्यांनी मला कॉम्प्युटरच्या खोलीत पाठवलं. खांदा धरलेली एक बाई होती, औराद शहाजानीची. दुखेल तितका जोर लावून खांदा मोकळा करावा, असं मी म्हणाले. त्यांनी विचारलं, कशावरून. मग म्हणाले, "जा, हुडकून आण."

मराठी माध्यमातून आलेल्या पोरीला त्या खोलीची भीती वाटायची. जगभरच्या दवाखान्यांत झालेल्या संशोधनाची नोंद ठेवणारे डेटाबेस तिथं उघडायचे, आणि सगळं इंग्रजीत. मी माझा प्रश्न मोठ्या वाक्यात टाइप केला. उत्तर आलं शून्य. शब्द बदलून परत टाकला. शून्य. मला वाटलं, यंत्रालासुद्धा कळलं की हिला इंग्रजी येत नाही. मागं वळून बघितलं तर सर दारात उभे.

"मशिनीनं तुला हाकलून दिलं न्हाई," ते म्हणाले. "तू तिला तिच्या बोलीत इचारलंच न्हाईस."

शेजारी खुर्ची ओढून बसले आणि कागदावर प्रश्न चार तुकड्यांत फोडला. कुणाला झालंय. आपण काय करणार. ते नाही केलं तर दुसरं काय. त्यानं फरक कशात पडायला पाहिजे, दुखण्यात का हालचालीत. मग एकेका तुकड्याची नावं लिहायला लावली. "माणसाला आजोळी एक नाव असतंय, घरी एक, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. फ्रोझन शोल्डर हे घरातलं. अधेसिव्ह कॅप्सुलायटिस हे दाखल्यावरचं. एकाच नावानं हाक मारली तर अर्धी माणसं वळून बघणार न्हाईत." आपण ज्याला फिजिओथेरपी म्हणतो त्याला काही देशांत फिजिकल थेरपी म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. सारखी नावं 'ऑर'नं जोडायची, वेगळे तुकडे 'अँड'नं. ऑरनं पसारा वाढतो, अँडनं आवरतो. शून्याचे सत्तावीसशे लेख झाले, सत्तावीसशेचे एकोणचाळीस. त्यातले एकेका पेशंटची हकिगत सांगणारे बाजूला काढायचे, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून तुलना केलेले आधी वाचायचे, आणि अशा सगळ्यांचा मिळून कुणी आढावा घेतला असेल तर सगळ्यात आधी तो.

तीन दिवस वाचलं. जोर लावण्यापेक्षा दुखण्याच्या हद्दीत राहून हळूहळू केलेला व्यायाम त्या टप्प्यावर बरा, असा कल दिसत होता. औरादची बाई तोवर दोनदा येऊन गेली होती. मी जोर लावला असता तर तिनं दात आवळून सोसलं असतं आणि मला दुवा दिला असता. तेव्हापासून मीही भ्यायला लागले.

दर गुरुवारी जळकोटला शिबिर असायचं, जिल्हा परिषदेच्या शाळेत. आम्ही जीपनं जायचो. एका गुरुवारी तिथं पाण्याच्या टँकरचा एक ड्रायव्हर आला, चाळिशीचा, दणकट. टँकरवर चढताना घसरून घोटा मोडला होता, सहा आठवड्यांचं प्लास्टर नुकतंच काढलेलं. बरोबर बायको.

"पोटरी लई भरून आलीय मॅडम," ती म्हणाली. "चोळून द्या जरा. गावातला मालिशवाला म्हणला, मी मोकळी करतो, पण मी म्हणलं शिकलेल्या माणसाकडून करून घ्यावं."

तेलाची बाटली माझ्या हातात होती. बाहेर साठ माणसं बसलेली. आत दोन पाय शेजारीशेजारी ठेवलेले, आणि एक पाय जाड दिसत होता. मी बाटली खाली ठेवली आणि सरांना हाक मारली.

सर आले, पायाला हात न लावता वाकून बघितलं. खिशातली टेप काढून माझ्याकडे दिली. गुडघ्याखालच्या हाडापासून दहा सेंटिमीटर खाली मी दोन्ही पोटऱ्या मोजल्या. दुखऱ्या पायाची जवळजवळ चार सेंटिमीटर जास्त भरली. सरांच्या वरच्या ओठावर घाम आला.

"ह्यांना कुणी चोळायचं न्हाई," ते म्हणाले. "खाली उतरायचं न्हाई. आस्सं पडून ऱ्हावा."

"काय झालंय हो?" बायकोचा आवाज बदलला.

"शिरेत रक्ताची गाठ झाली असंल, असा संशय हाय. नसंलबी. तपासायला पाहिजे."

शिबिराचे मुख्य डॉक्टर वयानं मोठे, माणूस चांगला, पण सकाळपासून उभे. ते म्हणाले, "अहो, प्लास्टर काढल्यावर सूज असतेच. आज उदगीरच्या रस्त्यावर चक्का जाम आहे, उदगीर वेगळा जिल्हा करा म्हणून. उद्या पाठवू. आजच गाठ आहे म्हणता, कशावरून?"

सरांचाच शब्द त्यांच्यावर उलटला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हदगाव, वर जा. हुडक."

शाळेच्या गच्चीवरच काय ती रेंज यायची. दुपारचा एक वाजलेला, गच्चीचा कोबा चपलेतून भाजत होता. मी घाईत फिजिओथेरपीचा डेटाबेस उघडला, नेहमीच्या सवयीनं. काहीच कामाचं येईना. खाली त्या माणसाला खोकला आल्याचं ऐकू आलं, आणि गाठ सुटून छातीत गेली तरी असा खोकला येतो. मग आठवलं, या डेटाबेसमध्ये उपचारांचे प्रयोग असतात; रोग ओळखायचा कसा, हे त्यात नसतंच. सर एकदा रागावले होते त्यावरून, कोरड्या आडात पोहरा टाकून राहिलीस म्हणून. मी वैद्यकाचा मोठा डेटाबेस उघडला. पायातली खोल शीर, गाठ, निदान, लक्षणं, सगळी दाखल्यावरची नावं टाकली. पान उघडायला किती वेळ लागला सांगता येत नाही. मोबाइलवरचं ते गोल फिरणारं चिन्ह मी त्याआधी आणि त्यानंतर इतक्या भीतीनं कधी बघितलेलं नाही.

उघडलं. डॉक्टरांनी जगभर वापरलेली, पडताळून बघितलेली गुणांची यादी होती. नुकतंच प्लास्टर, एक गुण. पोटरी तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त सुजलेली, एक. खोल शिरेच्या रेषेत दाबल्यावर दुखतं, एक. दुसरं काही कारण तितकंच पटण्यासारखं असेल तर दोन वजा. बेरीज दोन किंवा जास्त भरली तर गाठ असण्याची शक्यता मोठी, लगेच तपासायचं. मी जिने उतरून आले आणि मोबाइल डॉक्टरांपुढं धरला. ते उभ्यानं वाचत राहिले. मग ड्रायव्हरपाशी जाऊन त्यांनी स्वतः बोटानं हलकेच दाबून बघितलं, आणि लेटरहेड काढून चिठ्ठी लिहिली. पेन ठेवताना मला म्हणाले, "आत्ता न्या."

जीपच्या मागच्या बाकावर ड्रायव्हर आडवा, पायाखाली उशी, डोक्याशी बायको. सर आणि मी समोर कोपऱ्यात. गाडी चालायला लागल्यावर सर बोलले, फार हळू. त्या दोघांना ऐकू जाऊ नये इतकं.

"माझी पयली नोकरी. एक छोटा दवाखाना होता. रिटायर पोस्टमास्तर, कंबरेच्या हाडाचं आपरेशन झालेलं. म्हणले, पोटरी दुखती, चोळ बाबा. मी चोळली. म्हणले, लई बरं वाटलं. मी हात धुऊन चहा प्यायला बसलो, अन् आतून वरडा आला."

"गेले?"

"गेले. गाठ सुटून फुफ्फुसात गेली. मला कुणी बोललं न्हाई. त्यांचा पोरगा माझ्या पाया पडला. म्हणला, शेवटच्या घडीला तुम्ही बापाला आराम दिला. पंधरा वर्षं झाली. माझ्या हातानं झालं का तशीबी सुटणार होती, हे मी हुडकून राहिलो. हजार पेशंटचं काय होतं ते सापडतं. त्या एकाचं न्हाई सापडत."

उदगीरच्या अलीकडे रस्त्यावर टायर जळत होते. पाच-पन्नास माणसं, झेंडे, घोषणा. एक जण बोनेटवर हात आपटून म्हणाला, गाडी वळवा. सर खाली उतरले. दुरून त्यांचे हात हलताना दिसत होते. एकानं येऊन जीपमध्ये डोकावलं, ड्रायव्हरचा चेहरा बघितला आणि मागं वळून ओरडला, "अरे, हे तर आपलं पाणी आणणारं हाय." गर्दी बाजूला झाली. टायर ओढताना एक म्हातारा सरांना म्हणाला, "ह्याच्यासाठीच बसलोत साहेब. जिल्हा झाला तर मोठा दवाखाना हितंच होईल. आम्हाला का हौस हाय उन्हात बसायची?" सर म्हणाले, "खरं हाय तुमचं," आणि गाडीत बसले.

सोनोग्राफीत गाठ दिसली, मांडीपर्यंत गेलेली. त्याच दुपारी रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं सुरू झाली. माणूस वाचला.

पण गोष्ट तिथं थांबली नाही. काही दिवसांनी बायको एकटीच आमच्या ओपीडीत आली. नवरा घरी खाटेवरून उतरत नव्हता. सोनोग्राफीच्या पडद्यावर गाठ बघितल्यापासून पाय खाली टेकवायचा म्हटलं की थरथरत होता. "हालला की गाठ सुटंल म्हणतो. मीबी भिते. पडू द्यावं का त्याला?"

मी म्हणाले, आराम करू द्या. सर वर्गात तेच शिकवत आले होते. सर बाजूलाच उभे होते. त्यांनीही मान हलवली. मग हलवता हलवता थांबले. "बघून घे एकदा," म्हणाले.

मी संध्याकाळपर्यंत बसले. जे सापडलं ते वाचून मला वाटलं माझं इंग्रजीच चुकतंय. औषधं नीट सुरू झाल्यावर लवकर चालायला लागलेल्यांना खाटेवर पडून राहिलेल्यांपेक्षा जास्त धोका झाल्याचं दिसत नव्हतं. उलट पायाचं दुखणं, सूज कमी व्हायला मदतच होत होती. एका ठिकाणी नाही, आढावे होते, आणि बरेच जुने. सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून वाचलं, लावून वाचलं. त्यातल्या मूळ प्रयोगांपर्यंत जाऊन वाचलं. शिपाई कुलूप घेऊन येऊन उभा राहिला.

"म्हंजे सा वर्षं मी पोरांना चुकीचं शिकवून राहिलो," ते म्हणाले. "लई वरसांपासून हितं लिहिलेलं हाय. मी हुडकलंच न्हाई. मला जे भ्या वाटत होतं तेच मी शिकवलं."

दुसऱ्या दिवशी चारही वर्षांच्या मुलांना एका हॉलमध्ये बसवून त्यांनी हेच सांगितलं, अगदी याच शब्दांत. पुढच्या रांगेतले इतर शिक्षक खाली बघत होते. आणि गुरुवारी आम्ही ड्रायव्हरच्या घरी गेलो. औषधं सुरू ठेवणाऱ्या डॉक्टरांना सरांनी आधी विचारून घेतलं होतं. सरांनी मला तो निष्कर्ष मराठीत सांगायला लावला, खाटेपाशी बसून. ड्रायव्हरनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे काहीच होणार न्हाई?"

"असं लिहिलेलं नाही," मी म्हणाले. "चालल्यानं धोका वाढत नाही, असं लिहिलंय."

त्यानं बायकोचा खांदा धरला आणि उठला. अंगणातल्या रिकाम्या पिंपापर्यंत गेला आणि परत आला.

पुढं मी नांदेडला नोकरीला लागले. दोन वर्षांनी सरांचा फोन आला. "हदगाव, किनवटला जायचंय. येतीस का? एकट्यानं जमंना."

पोस्टमास्तरांचा मुलगा किनवटच्या एका आश्रमशाळेत मास्तर होता. आता पन्नाशीचा, केस पिकलेले. सरांना त्यानं लगेच ओळखलं, व्हरांड्यात खुर्च्या टाकल्या, बायकोला चहा टाकायला सांगितला. चहा येण्याआधीच सरांनी बोलायला सुरुवात केली. पोटरी चोळली, गाठ होती, तेव्हा मला कळलं नाही, तपासायला हवं होतं, तपासलं नाही. सगळं सांगितलं. खुर्चीच्या टोकावर बसून, एखाद्या मुलानं तोंडी परीक्षा द्यावी तसं.

मास्तर ऐकत होते. रागावतील, उठून जातील, असं मला वाटत होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला, पण राग नव्हता तो.

"चोळल्यानं सुटती गाठ?" त्यांनी विचारलं.

"सुटू शकती."

मास्तरांनी आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. "तुम्ही यायच्या आधी मी चोळत होतो सर. पहाटेपासून. वडील कण्हत होते, म्हणून. लई जोर लावून चोळलं मी. मग दमलो, तवा तुम्हाला हाक मारली."

आतून कपबशा मांडल्याचा आवाज येत होता. मी सरांकडे बघितलं. पंधरा-सतरा वर्षं जो माणूस एका प्रश्नाचं उत्तर शोधत होता, त्याच्यापुढं दुसरे दोन हात आले होते. त्यांना ते मान्य करता आलं असतं. निदान 'सांगता येत न्हाई' म्हणता आलं असतं, आणि ते खरं झालं असतं.

सर उठले. मास्तरांच्या समोर जाऊन गुडघ्यांवर बसले आणि त्यांचे हात आपल्या हातांत घेतले.

"न्हाई," ते म्हणाले. "तुमच्या हातानं न्हाई झालं. माझ्या हातानं झालं. मला पक्कं म्हाईत हाय."